सीवची बंदूक आणि चार काडतुसं

पाल्तचे गोळे उकळत्या पाण्यात सोडता सोडता सीवने सांगून टाकलं की उद्या कॉफीच्या चुलीपाशी ती नसेल.

आयनाच्या हातात बटाट्याच्या किसाचा अर्धा वळलेला गोळा होता, आत डुकराचं मांस भरायचं बाकी होतं. "बरं वाटत नाहीये का?" तिने विचारलं.

"छान वाटतंय. मी सात नंबरवर बसणार आहे."

सात नंबर म्हणजे दलदलीच्या काठची जागा. तिथे सीवचा नवरा बेर्टिल बसायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि त्या जागेचा लाकडी बिल्ला खिळ्याला लटकला तो लटकलाच. सप्टेंबरचा पहिला सोमवार उजाडला की ग्रानसेलेचे शिकारी आपापल्या जागी जाऊन मूस हरणांची वाट बघत बसतात आणि सीव नि आयना, नणंद-भावजय, जंगलातल्या चुलीवर त्यांच्यासाठी कॉफी उकळतात, हे चाळीस-एक वर्षं चाललं होतं. त्यात बदल करायचा तर कुणीतरी मरावं लागायचं किंवा निदान पाय तरी मोडावा लागायचा. सीव सहासष्ट वर्षांची होती आणि तिचे दोन्ही पाय शाबूत होते.

"हेल्गेला ठाऊक आहे?"

"जुलैत सांगितलं, परवाना आला तेव्हा. 'ये की' म्हणाला."

आयनाला नवऱ्याचा तो 'ये की' चांगला ओळखीचा होता. जे येणार नाहीत याची खात्री असते, त्यांनाच तो तसं म्हणायचा. आधी तिला रागच आला. बारा माणसांची कॉफी, सॉसेज, पाव, धूर, सगळं आता तिच्या एकटीच्या गळ्यात पडणार होतं, आणि ही बाई ते आदल्या दिवशी सांगत होती.

"मला वाटलं ती बंदूक तू बेर्टिलची आठवण म्हणून घेतलीस. कपाटात ठेवायला."

"बेर्टिलची बंदूक होकानकडे आहे ना. आठवण तिकडेच आहे."

आयनाने गोळा मिटवला. होकान तिचा मुलगा. बेर्टिलला माती दिली त्याच आठवड्यात हेल्गे बहिणीच्या घरी गेला होता आणि 'लोखंड पडून राहिलं की गंजतं, होकान वापरेल' म्हणून बंदूक घेऊन आला होता. सीवने मान हलवली होती. त्याआधी बेर्टिलची होडी आली होती, तिच्याआधी ट्रॅक्टरची ट्रॉली. उसनी म्हणून या घरात आलेली वस्तू परत जाताना आयनाने लग्नापासून पाहिली नव्हती. त्यातलं तिनेही कधी काही परत पाठवलं नव्हतं, हेही खरं.

"मीठ बघ गं पाण्याचं," ती म्हणाली. यापेक्षा जास्त बोलायची तिची तयारी नव्हती.

जेवायला पाचजण होते. टेबलाच्या टोकाला हेल्गे, त्याच्या उजव्या हाताला होकान, आणि खिडकीशी शेजारचा म्हातारा एनार. एनार दर रविवारी बोलावल्याशिवाय येतो आणि तीन पाल्त, लोणी आणि लिंगनच्या फळांचा मुरंबा खाऊन खुर्चीतच पेंगतो.

होकानने पुठ्ठ्याची पेटी टेबलावर ठेवली. "आत्या, तुझी काडतुसं. कुत्र्याचं खाणं आणायला लीकसेलेला गेलो होतो, तेव्हाच घेतली."

सीवने हात पुसले, पेटी उघडली आणि एक काडतूस बाहेर काढून धरलं. मग स्वेटरच्या खिशातून स्वतःचं एक काढलं आणि दोन्ही लोण्याच्या भांड्याशेजारी उभी केली. जाडीला दोन्ही सारखीच, पण पेटीतलं काडतूस करंगळीच्या नखाने उंच होतं.

एनारने पेंग आवरली. "ही बासष्ट आहे. तुझी सत्तावन्न."

"मी नऊ-तीन मागितली," होकान म्हणाला.

"अरे, नऊ-तीन मागितलं की सगळे बासष्टच देतात. नऊ-तीन ही गोळीची जाडी, ती तीच, पण मागचा खोका सत्तावन्नऐवजी बासष्ट मिलिमीटर लांब. सीवच्या बंदुकीत घालायला गेलास तर नळीमागचा खटका बसायचाच नाही. सत्तावन्न हवी तर सत्तावन्न म्हणायचं. माझ्या आज्याच्या काळात उलटं होतं, तेव्हा घराघरात सत्तावन्नच असायची."

"आज्याच्या काळात," हेल्गेने लोणी फासत म्हटलं. "सीव, मी तुला त्याच दिवशी बोललो होतो. सगळा गाव तीनशे आठ वापरतो, नाहीतर सहा-पाच. एकाची संपली तर दुसरा देतो. तू मात्र म्युझियममधून बंदूक आणलीस. आता रविवारी कुठलं दुकान उघडं सापडणार? राहू दे यंदा. पुढच्या वर्षी बघू."

त्याच्या आवाजात खोट नव्हती. मेंढी आपणहून गोठ्यात परतली की माणूस जसा बोलतो, तसा तो बोलत होता.

"माझ्याकडे चार आहेत," सीव म्हणाली.

"चार."

"दुकानदाराने बंदुकीबरोबर जुनी पेटी दिली होती. चाचणीत आणि सरावात संपली. चार उरलीत."

"चार काडतुसं घेऊन कुणी शिकारीला जातं का?"

सीव एनारकडे वळली. "मूस किती गोळ्यांनी पडतो रे?"

"नीट लागली तर एकीने."

"मग तीन उरतील," ती म्हणाली आणि कॉफीची किटली आणायला उठली.

होकानने मान खाली घालून पाल्त कापला. चूक खरोखरच नकळत झाली होती. नऊ-तीन म्हणजे बासष्ट, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं, आणि सत्तावन्न हा आकडा दुकानात त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. पण उंच काडतूस टेबलावर उभं राहिलं त्या क्षणी त्याला हायसं वाटलं होतं, आणि ते नकळत नव्हतं. बेर्टिलची बंदूक खांद्याला लावून दिवसभर जंगलात फिरायचं आणि आत्याने, आता स्वतः शिकारी म्हणून, ती खांद्यावर बघायची, हे यंदा टळलं असं त्याला वाटून गेलं. ते टळलं नव्हतं. आत्याला तोंडाने सॉरी म्हणावं असं त्याला वाटलं, पण ते कशाबद्दल म्हणायचं ते ठरेना.

सीवने कॉफी ओतली. हेल्गेला साखरेचे दोन खडे, होकानला अर्धा कप दूध, आयनाला पातळ, एनारला बशीत. एकालाही विचारावं लागलं नाही. शेवटी तिने स्वतःचा कप भरला आणि खिडकीशी उभी राहून काळीच कॉफी प्यायली.

तिला बंदुकांचं दुकान आठवत होतं. छपरावरचा बर्फ वितळून पन्हळीतून गळत होता तेव्हाची गोष्ट. दुकानदाराने तिच्यापुढे आधी सगळ्या नव्या, काळ्या दस्त्यांच्या बंदुका मांडल्या होत्या. तिने त्या बघितल्या आणि मागच्या भिंतीवर काय आहे ते विचारलं. मागच्या भिंतीवर मेलेल्यांच्या बंदुका होत्या. वारसांनी आणून टाकलेल्या.

त्यातली एक तिने खांद्याला लावली. अक्रोडाचा दस्ता, पट्ट्याने एका बाजूला घासलेला, आणि लांबीला तिच्याच हाताएवढा. मूळचा मालक बुटका असावा. दुकानदाराने खटका काढून नळीत उजेड धरला. आतल्या खाचा स्वच्छ होत्या, कडा अजून धारदार. खटका लोण्यातून सुरी जावी तसा फिरत होता.

"बंदूक चांगली आहे," दुकानदार म्हणाला होता, "पण घेऊ नका. ही सत्तावन्नची आहे. हिची काडतुसं मागवावी लागतात. आयत्या वेळी पेट्रोल पंपावर मिळायची नाहीत, की शेजाऱ्याकडून आणता यायची नाहीत."

"कुणाकडेच नसतात?"

"तुमच्या भागात? ज्यांच्याकडे होती ते सगळे चर्चच्या आवारात झोपलेत, बाई."

"आणि ही बंदूक दुसऱ्या कुणी मागून नेली, तर त्याच्या काही कामाची नाही?"

दुकानदार तिच्याकडे बघत राहिला. गिऱ्हाईक बंदुकीचा दोष विचारतंय आणि उत्तर ऐकून खूश होतंय, असं त्याने पाहिलं नसावं. "नाही," तो म्हणाला. "काडीच्या कामाची नाही."

"मग हीच. परवाना येईपर्यंत बाजूला ठेवा."

तिसऱ्या प्रहरी सगळे खडीच्या खाणीत बंदुका तपासायला गेले. आदल्या दिवशी प्रत्येकाने दोन गोळ्या कागदावर मारून दाखवायच्या, हा हेल्गेचा नियम. त्याचे असे बरेच नियम होते, आणि सगळ्यांत लाडका होता तो म्हणजे बंदूक गाडीला टेकवून ठेवायची नाही. गेल्या वर्षी शाळेच्या मास्तरणीने टेकवली म्हणून सगळ्यांदेखत तो तिच्यावर ओरडला होता. बिचारी गटातली एकटी बाई, बाहेरून आलेली; तिने निमूट ऐकून घेतलं होतं.

सीवला त्याने सवलत दिली. "तू मारू नकोस. चारच आहेत. ऑगस्टच्या चाचणीत मारलेल्या मी बघितल्यात." त्या चांगल्या लागल्या होत्या, हे त्याने म्हटलं नाही. हलत्या मूसच्या पाटीवर चारच्या चार खांद्यामागे बसल्या होत्या. त्या वयात त्याच्याही अशा बसत नव्हत्या.

खरं म्हणजे दुपारच्या जेवणापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तीन उरतील, म्हणे. बहीण तिरकस बोलली याचा त्याला राग नव्हता. ती एनारकडे बघून बोलली, त्याच्याकडे बघून नाही, हे त्याला डाचत होतं. लहानपणापासून काहीही विचारायचं झालं की सीव त्याच्याकडे बघायची. बर्फ पेलेल का, नदी उतरता येईल का, बेर्टिल चांगला आहे का. तो सांगायचा आणि ती तसं करायची. त्यात तिचं वाईट झालं होतं असं त्याला वाटत नव्हतं.

या विचारात त्याने थर्मास काढायला गाडीचं दार उघडलं, आणि उघडताना बंदूक गाडीला टेकवली.

मागच्या सीटवरच्या कुत्र्याने उडी मारली. गाडी हलली. बंदूक सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी, पत्र्यावरून घसरली आणि वरच्या नेमाच्या दुर्बिणीच्या बाजूने दगडावर पडली. आवाज अगदी लहान झाला. हेल्गेने आजूबाजूला पाहिलं. होकान आणि एनार कागद लावत होते. मास्तरीण तिकडे पाठ करून उभी होती. सीव मात्र पाच पावलांवर होती आणि तिने सगळं बघितलं होतं.

ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने आडवं होऊन नेम धरला आणि दोन गोळ्या मारल्या. एनारने आपल्या हातातल्या दुर्बिणीतून पाहिलं. "पहिली कागदाच्या कोपऱ्यात," तो म्हणाला. "दुसरी... नदीत असावी."

दुर्बिणीच्या पकडीला तडा गेला होता. सोमवारी दुकान उघडेल, पण सोमवारी सकाळी सहाला सगळे जंगलात असणार होते. एनारकडे जास्तीची बंदूक होती, मास्तरणीच्या नवऱ्याकडेही एक होती. हेल्गेने त्यांचा विचार केला आणि सोडून दिला. वीस वर्षं तो या गटाचा प्रमुख होता आणि वीस वर्षांत त्याने कुणापुढे हात पसरला नव्हता. लोकांनी कारण विचारलं असतं. मास्तरणीने तर नक्कीच विचारलं असतं.

परतताना गाडीत त्याला सुचलं की सीवची आहे की. तेवढ्याने त्याचं मन निवळलं. बहिणीची वस्तू घेणं याला त्याच्या हिशेबी मागणं म्हणत नसत.

संध्याकाळी गट कत्तलघराच्या शेडमध्ये जमला. सिमेंटची धुतलेली जमीन, छताला आकडे, भिंतीशी बाकं. दारामागे एक फळी होती आणि तिच्यावर खिळ्यांना आकड्यांचे लाकडी बिल्ले लटकत होते. हेल्गेचे नि सीवचे वडील एमिल यांनी ते स्वतः कोरले होते. आदल्या संध्याकाळी प्रमुखाने प्रत्येकाच्या हातात त्याचा बिल्ला द्यायचा, आणि शिकारीहून परतल्यावर ज्याने त्याने तो खिळ्याला लावायचा; सगळे खिळे भरले की सगळी माणसं जंगलातून बाहेर आली. फळीच्या खाली कोनाड्यात तांब्याची काळी पडलेली किटली असे. तिला बिल्ला नव्हता. किटली कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असायचं.

हेल्गे उभा राहिला. "आधी एक गोष्ट. माझी दुर्बीण गेली. पकड फुटली. उद्याच्या दिवस मी सीवची बंदूक घेतोय." त्याने बिल्ल्यांच्या फळीकडे हात नेता नेता बहिणीला म्हटलं, "आणि सीव, ती चार काडतुसंही दे. मला पुरतील."

दोन-तीन माना हलल्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. एनारने तर 'बरं झालं' असंही म्हटलं.

सीवचा हात स्वेटरच्या खिशात गेला होता. तो तिने घातला नव्हता, आपणच गेला होता, आणि बोटांनी चारही काडतुसं मुठीत धरली होती. सगळ्या बाजूंनी विचार करून तिने बंदूक निवडली होती. तीनशे आठ घेतली असती तर पहिल्या दिवसापासून कुणी ना कुणी मागितली असती. अशी घेतली की जी नेली तरी कुणाच्या कामाची नाही, म्हणजे कुणी मागणार नाही, म्हणजे प्रश्नच येणार नाही. हेल्गे काडतुसांसकट मागेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं त्याला ओळखत होती, तरी आलं नव्हतं. तिला स्वतःचंच हसू आलं, आणि मग भीती वाटली, कारण आता मधे काहीच उरलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

हेल्गेला वाटलं ती काडतुसं नाहीत म्हणतेय. "दुपारी होती की."

"आहेत. देणार नाही. बंदूकही देणार नाही."

शेडमध्ये कुणीतरी बाकावर बूट घासला. सीव सावकाश बोलली. "हेल्गे, मी ही बंदूक एवढ्याचसाठी घेतली की तुला ती मागता येऊ नये. म्हणजे मला नाही म्हणावं लागणार नाही. मला नाही म्हणता येत नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. दुकानदार घेऊ नका म्हणत असताना मी जिची काडतुसं कुणाकडे नाहीत अशी शोधून घेतली. आणि तू ती काडतुसांसकट मागितलीस. तर मग आता म्हणते. नाही."

"अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"होडी पण एका दिवसासाठीच नेली होतीस."

हेल्गेचा चेहरा लाल झाला. "मी गटाचा प्रमुख आहे. बिनबंदुकीचा प्रमुख कुणी बघितलाय?"

"एक दिवस नुसता प्रमुख राहा."

मास्तरणीने खोकल्यासारखं केलं. हेल्गेने बाकांवरून नजर फिरवली, आता कुणीतरी सीवला समजवेल या भरवशाने. बोलली ती त्याचीच बायको. आयना दाराशी पावाच्या टोपल्या घेऊन उभी होती.

"मला एक कळत नाही," ती म्हणाली. "इथे बारा बंदुका आहेत. तुम्ही सगळे इतका वेळ सीवकडेच का बघताय? होकानच्या खांद्यावर कुणाची आहे?"

दुपारपासून ती हेच बोलायचं टाळत होती. बोलून झाल्यावर तिने टोपल्या खाली ठेवल्या; हात मोकळे असलेले बरे, असं तिला वाटलं.

होकान उठला. त्याने बंदूक खांद्यावरून उतरवली, खटका उघडून ती रिकामी असल्याचं दाखवलं, जसं दाखवायचं असतं तसं, आणि बापाच्या पुढून जाऊन आत्यासमोर धरली. "आत्या, ही तुझी आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. परवाना माझ्या नावावर झालाय, पण..."

सीवने दस्त्यावर हात ठेवला. बेर्टिलने तिथे एक ओरखडा पाडला होता, जीपमधून उतरताना, आणि आठवडाभर हळहळला होता. तो ओरखडा तिच्या अंगठ्याला लागला. तिला रडू येईल असं वाटलं आणि थोडंसं आलंही.

"तू उद्या कुत्र्यामागे जाणार," ती म्हणाली. "कुत्र्यामागे रिकाम्या हाताने जात नसतात. ठेव. परवान्यावर काय लिहिलंय ते राहू दे. फक्त उसनी म्हणून ठेव."

"उसनी," होकान म्हणाला.

"मागितली की द्यायची."

"मागितली की देईन."

हेल्गेने हे ऐकलं. मुलाने बंदूक आपल्याला का देऊ केली नाही, असं विचारायला त्याने तोंड उघडलं होतं. काय विचारतोय ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने ते मिटलं. एनारने आपली जास्तीची बंदूक देऊ केली, तर 'उद्या नको, परवा बघू' म्हणाला. तो फळीकडे वळला आणि नावं घेत एकेक बिल्ला ज्याच्या त्याच्या हातात देत गेला. सातचा बिल्ला तीन वर्षांच्या धुळीने खिळ्याला चिकटला होता. हेल्गेने तो ओढून काढला, बाहीला पुसला आणि बहिणीच्या तळहातावर ठेवला. तिच्याकडे बघितलं नाही. पण पुसला.

एक नंबर, त्याचा स्वतःचा, खिळ्यावरच राहिला. आयनाने कोनाड्यातून किटली काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"पाणी ओढ्याच्या वरच्या अंगाचं घे," ती म्हणाली. "खालचं गढूळ असतं. आणि लाकडं आज रात्री आत आण, नाहीतर दवाने भिजतील. मी सॉसेजचं बघते."

सकाळी दलदलीवर धुकं होतं, गुडघ्याएवढं. सीव बेर्टिलच्या ओंडक्यावर बसली होती. तीन काडतुसं बंदुकीच्या पोटात होती आणि चौथं नळीत. कानात वॉकीटॉकीची तार होती आणि तिच्यातून होकानचा धापा टाकणारा आवाज अधूनमधून येत होता. कुत्र्याने मूस उठवले होते, आधी उत्तरेला गेले होते, मग वळले होते. मग बराच वेळ काहीच आलं नाही. तिचे हात गार पडले होते. अजून तरी तिला कुठल्याही गोष्टीचा पश्चात्ताप होत नव्हता.

आधी तिला आवाज ऐकू आला, फांदी अंगावरून सरकल्याचा. मग धुक्यातून मादी आली, उंच, राखाडी, कान फिरवत, आणि तिच्यामागे पाडस. आधी पाडस, मग मादी. आईला मारून पिल्लू उघड्यावर टाकायचं नाही, हा नियम हेल्गेचा नव्हता, त्याच्या कितीतरी आधीचा होता. सीवने बंदूक उचलली. बुटक्या माणसाचा दस्ता तिच्या खांद्याला बरोबर बसला.

नेमका तेव्हाच कानात हेल्गेचा आवाज आला. घशात धूर गेल्यामुळे तो घोगरा झाला होता.

"सात नंबर. सीव. कॉफी झालीय. तुझ्यासाठी घेऊन येतोय थोड्या वेळाने. तुला... तुला साखर किती लागते?"

ती हलली नाही. बोटसुद्धा हलवता येत नव्हतं.

"सीव? एक की दोन?"

मादी थांबली. पाडस दोन पावलं पुढे आलं आणि आडवं उभं राहिलं. सीवने श्वास अर्धा सोडला आणि घोडा ओढला.

दलदलीवरून आवाज घरंगळत गेला. मादी उधळली आणि झाडीत नाहीशी झाली. पाडस दहा-पंधरा पावलं धावलं, गुडघ्यावर आलं आणि गवतात आडवं झालं. सीवने खटका मागे-पुढे केला, दुसरं काडतूस चढवलं आणि नेम तसाच धरून ठेवला, बेर्टिल धरायचा तितका वेळ. गवत हललं नाही.

"कोण होतं?" हेल्गेचा आवाज, आता प्रमुखाचा. "कुणी मारली गोळी?"

तिने तारेवरचं बटण दाबलं.

"सात नंबर. पाडस. पडलंय. तीन काडतुसं उरलीत."

कानात खरखर झाली. दुसऱ्या कुणीतरी 'शाब्बास' म्हटलं, बहुतेक मास्तरणीने. मग हेल्गेने बटण दाबलं. आगीचा तडतडाट तेवढा ऐकू आला. त्याचं बोट अजून बटणावरच होतं. त्याने बोट काढेपर्यंत ती थांबली आणि मग तिने पुन्हा बटण दाबलं.

"आणि साखर नको," ती म्हणाली. "मी कधीच घेत नाही, हेल्गे."